कमी तेलात नागपुरी जेवण करायला शिकत असाल तर इथून सुरुवात करा

मागच्या हिवाळ्यात आईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि डॉक्टरांनी सांगितलं की सध्या तेल-तूप एकदम कमी करा, बाकीचं नंतर बघू. आमच्या घरी तोवर भाजी म्हणजे कढईत आधी तेल आणि मग बाकी सगळं. आई वर्ध्याकडची, रस्स्यावर लाल तर्री तरंगली नाही तर तिच्या लेखी तो रस्साच नाही. आणि स्वयंपाक अचानक माझ्याकडे आला. पहिले दोन आठवडे मी काय केलं, तर तीच भाजी, तीच पद्धत, फक्त तेल चार पळ्यांऐवजी एक चमचा. कांदा कच्चा राहिला, मसाला बुडाला लागला, वरून पाणी ओतलं तर भाजी एकीकडे न पाणी एकीकडे. आईने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं, म्हणाली, "अरे याच्यापेक्षा मले साधा वरणभातच देत जा."

मला खूप वाईट वाटलं, कारण ती तक्रार करणारी बाई नाही. मग मी बसून विचार केला की तेल भाजीत नेमकं काय करून राहिलं असतं. आणि तिथून सगळं सुटत गेलं, म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो, रेसिपी नंतर.

तेलाची कामं तीन. एक, कढईची आच सगळीकडे सारखी पोचवणं आणि काही चिकटू न देणं. दोन, जिरं, हिंग, लसूण, मिरची यांचा वास आणि तिखटाचा लाल रंग स्वतःत ओढून घेणं, हे पाण्याला नीट जमत नाही, म्हणून तर आपण फोडणी देतो. तीन, रस्सा दाट आणि तोंडात गुळगुळीत लागेल असं करणं. यातलं पहिलं काम वाफ आणि गरम पाणी करू शकतं, तिसरं काम भाजलेलं पीठ किंवा घोटलेली डाळ करू शकते. उरलं दुसरं, ते तेलाशिवाय होत नाही, पण त्याला तेल लागतं किती, तर चहाचे एक-दोन चमचे. आपण तिन्ही कामं तेलाकडूनच करवून घेतो म्हणून ते वाटीभर लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की जे काम फक्त तेलच करतं त्याच्यासाठी तेल ठेवा, बाकी कामं दुसऱ्याला द्या.

पहिली पायरी: पळी बाजूला ठेवा, चहाचा चमचा घ्या

एक दिवस घरातल्या तेलाच्या पळीत किती मावतं ते मोजून बघा. आमच्या पळीत चहाचे सहा चमचे निघाले, म्हणजे साधारण ३० मिली. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली, त्यात साडेचार ग्रॅम तेल आणि ४० च्या आसपास कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे सहा चमचेच. आता हिशेब करा, आम्ही घरी चौघं, भाजीत चार पळ्या तेल, म्हणजे चौघांचा दिवसभराचा वाटा एकाच भाजीत संपला, पोळीचं तेल, वरणावरचं तूप, पोह्यांचं तेल हे वेगळंच. हे बघून मी खरंच घाबरलो होतो.

महिन्याचा हिशेब पण करून ठेवा, तो सोपा पडतो. चौघांना सहा चमच्यांच्या हिशेबाने महिन्याला ३.६ लिटर होतात. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तिथूनच कळतं की किती कमी करायचंय. पण एकदम शून्यावर जाऊ नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शरीरात शोषली जायला थोडी चरबी लागतेच, गाजर-पालक खाऊन त्याचा फायदा व्हायचा तर ताटात चमचाभर तेल पाहिजे. घरात लहान मुलं असतील तर हे पथ्य त्यांच्यावर लादू नका, दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं तर तेल-तूप अजिबात कमी करायचं नसतं. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिच्या पोळीला तूप लागतंच. आणि कोणाला आजारपणामुळे कमी करायचं असेल तर किती करायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या चमच्यांवर जाऊ नका.

दुसरी पायरी: भांडं

नवीन भांडी घ्यायला धावू नका. जाड बुडाची कढई, घट्ट झाकण, बिडाचा किंवा लोखंडी तवा, एवढं असलं की झालं. पातळ ॲल्युमिनियमची कढई मात्र या कामाला उपयोगाची नाही, ती एका जागी तापते आणि मसाला तिथेच जळतो. स्टीलची कढई असेल तर आधी कोरडी तापवा, पाण्याचा थेंब टाकून बघा, तो चर्र करून उडून न जाता पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळला की मग आच कमी करून चमचाभर तेल टाका आणि कढई फिरवून ते सगळीकडे पसरवा, भाजी कमी चिकटते. नॉनस्टिक वापरत असाल तर ती अशी कोरडी तापवू नका, तिचा लेप खराब होतो. लोखंडी कढईत अंबाडी, चिंच, टमाटर असलं आंबट शिजवू नका, भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव येते.

आणि झाकणाची एक जुनी पद्धत आहे जी आमच्या आजीला माहीत होती न आम्ही विसरलो. कढईवर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ओतून ठेवायचं. वरचं पाणी गार असल्यामुळे आतली वाफ ताटलीला लागून पुन्हा थेंब होऊन भाजीत पडते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, करपत नाही आणि तेल मागत नाही. वरचं पाणी गरम झालं की तेच भाजीत टाकायला वापरायचं. फुलकोबी, गवार, बरबटी, ढेमसं, कोहळं या सगळ्या भाज्या मी आता अशाच करतो, अर्धा किलोला दोन चमचे तेल पुरतं.

तिसरी पायरी: कांदा

नवशिक्याचं सगळ्यात जास्त तेल कांद्यात जातं. कांदा गुलाबी होत नाही, खाली लागतो, मग अजून थोडं तेल, अजून थोडं. इथे दोन रस्ते आहेत.

सुक्या भाजीसाठी कांदा बारीक चिरा, एक चमचा तेलात टाका आणि लगेच चिमूटभर मीठ घाला. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यातच मऊ पडतो. झाकण ठेवा, आच मध्यम. तीन-चार मिनिटांनी उघडा, पाणी आटून कांदा तळाला धरायला लागला असेल तर एक पोह्याचा चमचा गरम पाणी शिंपडा आणि सराट्याने खरवडा, तळाला जो तपकिरी थर धरलेला असतो तो सुटून कांद्याला लागतो आणि रंग तिथूनच येतो. हे तीन-चारदा करायचं. दहा-बारा मिनिटं लागतात, तेलात परतायला पाच लागायचे, तेवढा वेळ द्यावा लागतो याला इलाज नाही.

रस्स्यासाठी तर परतायचाच नाही, कांदा सालीसकट गॅसवर जाळीवर भाजा, किंवा अर्धा कापून तव्यावर उलटा ठेवा, काळे डाग पडून आत मऊ होईपर्यंत. टमाटर पण तसाच. लसूण पाकळ्या सालीसकट तव्यावर. जळकं साल काढून टाका. भाजल्याचा जो वास येतो ना, तो तळल्यापेक्षा मला तरी जास्त आवडतो, आणि त्यात तेल शून्य.

चौथी पायरी: फोडणी शेवटी

ही एक सवय बदलली तरी अर्धं काम झालं समजा. आपण फोडणी सुरुवातीला करतो, मग त्यावर वीस मिनिटं भाजी शिजते, त्यात वास बराचसा उडून जातो. त्यापेक्षा वरण, डाळभाजी, कढी, उसळ आधी तशीच शिजवून घ्या आणि जेवायला बसायच्या आधी छोट्या फोडणीच्या कढल्यात एक-दीड चमचा तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरची, हिंग घालून वरून ओता आणि लगेच झाकण ठेवा. तेल वरच राहतं, नाकाला आधी तेच लागतं, जिभेला पण आधी तेच लागतं, म्हणून एक चमच्याची फोडणी तीन चमच्यांसारखी वाटते. आई पहिल्यांदा पोटभर जेवली ती अशा डाळभाजीवर, पालक, तुरीची डाळ, थोडी चण्याची डाळ, चिंचेचं पाणी, आणि वरून लसणाची फोडणी. तेल चौघांत मिळून दीड चमचा.

लसूण जळू देऊ नका एवढंच लक्षात ठेवा. तेल कमी असलं की ते पटकन तापतं न लसूण दहा सेकंदात काळा होतो. कढलं तिरपं धरा म्हणजे तेल एका कोपऱ्यात जमतं आणि जिरं-लसूण त्यात नीट बुडतात.

पाचवी पायरी: रस्सा, तोही नागपूरचा

आता मुख्य गोष्ट. नागपुरात राहून पाटवडी रस्सा सोडायचा असं कोणी सांगितलं तर मी ते पथ्य एक आठवडा पण पाळणार नाही, म्हणून याच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. हा रस्सा सावजी पद्धतीचा, आणि सावजी जेवण हे मूळ इथल्या हलबा कोष्टी विणकर समाजाचं, त्याची ओळख झणझणीत मसाला आणि वरची तर्री. तर्री म्हणजे काय, तर तेलात उतरलेला तिखटाचा रंग जो शिजता शिजता वर येतो. तो थर आपण बोटभर करायचा नाही, पण रंग आणि वास ठेवायचा.

चौघांसाठी लागतं ते असं. कांदे दोन मोठे आणि टमाटर एक, वर सांगितलं तसे भाजलेले. लसूण दहा पाकळ्या, आलं इंचभर. सुकं खोबरं किसून फक्त एक पोह्याचा चमचा, तव्यावर कोरडंच तपकिरी भाजायचं. धणे दोन पोह्याचे चमचे, जिरं एक छोटा चमचा, मिरे सात-आठ, लवंगा तीन, दालचिनीचा तुकडा, एक मोठी वेलची, थोडंसं दगडफूल, चमचाभर तीळ, हे सगळं मंद आचेवर कोरडं भाजा, आधी कडक मसाले, मग धणे, शेवटी तीळ न दगडफूल कारण ते लवकर जळतात. इतवारीत मसाल्याच्या दुकानांत हे सगळं सुटं मिळतं, थोडं थोडं ताजं आणा, कारण तेल कमी असलं की मसाल्याचा जुनाटपणा लपत नाही. आणि एक पोह्याचा चमचा ज्वारीचं पीठ, तेही तव्यावर खमंग भाजून. रस्सा दाट करायचं काम हे पीठ करणार. सगळं मिळून पाणी घालून एकदम गुळगुळीत वाटा, मिक्सर दोनदा फिरवा, रवाळ राहिलं तर रस्सा पाणचट लागतो.

तिखटाचं पण सांगतो. भिवापूरची मिरची आपल्याच जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकन आहे, तिखटपणासाठी ती घ्या. रंगासाठी तिच्यात निम्मी ब्याडगी मिसळा म्हणजे तोंड न भाजता लाल रंग येतो, कमी तेलाच्या रस्स्यात हा रंग फार कामाचा, डोळ्याने आधी खाल्लं जातं.

आता कढईत दोन चहाचे चमचे तेल. तापलं की गॅस एकदम बारीक करा. चिमूटभर जिरं, हिंग, तेजपान, मग दीड-दोन चमचे तिखट आणि हळद, पाच-सहा सेकंद हलवा, तेल लाल झालेलं दिसेल, आणि लगेच दोन-तीन पोह्याचे चमचे गरम पाणी. हे पाणी विसरलात तर तिखट जळतं, घरभर ठसका उठतो आणि रस्सा कडू होतो. मग वाटलेला मसाला घाला.

इथे नवीन माणूस फसतो. प्रत्येक रेसिपीत लिहिलेलं असतं की तेल सुटेपर्यंत परता. आपल्या कढईत तेलच दोन चमचे आहे, ते सुटणार कुठून? तुम्ही वाट बघत बसाल आणि मसाला करपेल. म्हणून दुसऱ्या खुणा बघायच्या. कच्च्या लसणाचा उग्र वास जातो. रंग एक छटा गडद होतो. मसाला कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतो, आणि बुडबुडे आधी पाण्यासारखे पटपट फुटत होते ते आता जाड होऊन फुटूकफुटूक करत फुटतात. झाकण अर्धवट ठेवा नाहीतर हातावर उडतो. खाली लागला की चमचाभर गरम पाणी, पुन्हा हलवा. साधारण बारा ते पंधरा मिनिटं. या खुणा जमल्या की तुम्हाला कमी तेलाचा कुठलाही रस्सा जमला, वांग्याचा असो, मोटाचा म्हणजे मटकीचा असो की अख्ख्या मसुराचा.

मग चार वाट्या कडकडीत गरम पाणी, मीठ, आणि झाकण काढून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळू द्या. गार पाणी ओतू नका, उकळी मोडते. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवलं की वर लाल थर जमतो, पातळसाच, पण जमतो. आईला मी तो दाखवायला कढईच आणून दाखवली होती.

पाटवडीसाठी एक वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात आधीच गुठळ्या मोडून कालवून घ्या, त्यात हळद, तिखट, मीठ, ओवा, वाटलेला लसूण-जिरं. कढईत एक चमचा तेलावर मोहरी टाकून हे मिश्रण ओता आणि हात न थांबवता ढवळत राहा, घट्ट गोळा झाला की झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढा. ताटाला तेल लावायची गरज नाही, ताट पाण्याने ओलं करा, त्यावर गोळा ओल्या हाताने थापा, वरून भरपूर सांबार. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर. गार झाल्यावर वड्या कापा आणि वाढतानाच रस्स्यात सोडा. सगळं मिळून चौघांना तीन चमचे तेल, माणशी एक चमचा पण नाही.

हा वाटलेला मसाला मी रविवारी दुप्पट करतो. पण ध्यानात ठेवा, तेलात परतलेला मसाला फ्रीजमध्ये जितका टिकतो तितका हा टिकत नाही, दोन दिवसांच्या वर ठेवू नका, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तसे दोन-चार तुकडे काढा. एप्रिल-मे मध्ये जेव्हा बाहेर ४५ अंश असतं आणि गॅससमोर उभं राहवत नाही तेव्हा हे तुकडे फार कामी येतात.

जे आधीपासूनच कमी तेलाचं आहे

मला हे उशिरा लक्षात आलं की आपल्याकडचं कितीतरी जेवण मुळातच वाफेचं आणि भाजण्याचं आहे, आपणच त्यावर तेल ओतत गेलो. नवीन असाल तर खरंतर इथून सुरुवात करा, रस्सा दुसऱ्या महिन्यात.

कढी-गोळे बघा. एक वाटी चण्याची डाळ चार तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून जाडसर वाटायची, पाणी बिलकुल नाही. हळद, मीठ, सांबार घालून लिंबापेक्षा लहान गोळे वळायचे. ताकाला बेसन लावून कढी उकळायला ठेवायची, सुरुवातीला सतत ढवळायचं म्हणजे फाटत नाही. चांगली उकळी आली की आधी एकच गोळा सोडून बघा, तो फुटला तर बाकीच्यांत एक चमचा बेसन मिसळा. मग एकेक सोडा आणि पाच मिनिटं पळी घालू नका, नाहीतर सगळी कढी डाळीची होते. पंधरा मिनिटं मंद शिजवा. वरून दोन चमचे तेलाची फोडणी, मोहरी, मेथीदाणे, कढीपत्ता, लाल मिरची. तळणं कुठेच नाही आणि पोट गच्च भरतं. गोळाभाताचं पण तसंच, गोळे भातातच वाफवले जातात, फक्त वरून आपण जे पळी-पळी फोडणीचं तेल घेतो ते चमच्यावर आणायचं आणि सोबत लिंबू न ताक घ्यायचं.

भरीत. हिवाळ्यात भरताची मोठी वांगी गोकुळपेठेत, महालच्या बुधवार बाजारात ढिगाने असतात, हाताला हलकं लागेल असं घ्या, त्यात बिया कमी. वांग्याचं अंग स्पंजासारखं हवेने भरलेलं असतं, परतायला घेतलं की ते तेल पीत जातं, म्हणून वांगं कमी तेलात खायचं तर भाजणं हा सगळ्यात चांगला मार्ग. चीर देऊन कीड बघा, चिरेत लसणाच्या दोन पाकळ्या खोचा, भाजा. साल निघावं म्हणून लोक वरून तेल चोपडतात, त्याची गरज नाही, भाजल्यावर दहा मिनिटं गंजात म्हणजे पातेल्यात झाकून ठेवा, वाफेने साल आपोआप सुटतं. मग भाजलेली हिरवी मिरची, कच्चा कांदा, पातीचा कांदा, सांबार, मीठ आणि वरून एक चमचा तेल. सोबत ज्वारीची भाकर. भाकरीला तेल लागतच नाही.

वरणफळं, अंबाडीची भाजी, उन्हाळ्यातली चिवळ, तुरीचे सोले घातलेली आमटी, ही सगळी याच रांगेतली. अंबाडी उकडून, पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवा न लसणाची फोडणी द्या. चिवळ मात्र पाच-सहा पाण्यांतून धुवा, तिच्यात माती फार असते.

लपलेलं तेल

बाटलीतलं तेल मोजून मोजून टाकायचं आणि भाजीत वाटीभर दाण्याचा कूट ढकलायचा, ही चूक मी दीड महिना केली. फल्लीदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, तिळात पण तेवढंच, जवसात ४० टक्क्यांच्या आसपास, आणि सुक्या खोबऱ्यात तर ६० टक्क्यांहून जास्त. हे पदार्थ वाईट नाहीत, जवसाची चटणी मी रोज चमचाभर खातो आणि खावी, पण ती मोजून. कूट भाजीत पोह्याच्या एका चमच्यावर आणा, दाटपणा पाहिजे असेल तर फुटाण्याचं पीठ किंवा शिजवलेली डाळ घोटून घाला.

दुधाचं पिशवीवर बघा. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. घरी म्हशीचं येत असेल तर तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी साय जाड होऊन अख्खी उचलता येते. त्याच दुधाचं दही लावलं तर कढी-मठ्ठ्याला काही कमी पडत नाही. पनीर रोजचं नको, त्याऐवजी सोयाबीनच्या वड्या, त्यांतलं तेल कारखान्यातच काढलेलं असतं आणि प्रथिनं निम्म्याहून जास्त. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा नाहीतर वास राहतो.

पोळीचं थोडक्यात. घडीच्या पोळीत घडीला तेल, वरून तेल, चार पोळ्यांत दोन-तीन चमचे सहज जातात. फुलके करा. कडक होतात अशी तक्रार असते, तर कणीक कोमट पाण्याने सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, आणि फुलका उतरवला की लगेच सुती कापडात गुंडाळून डब्यात.

भाजी सपक लागली तर

तेलाच्या डब्याकडे हात जाईल, थांबा. आधी मीठ बघा. मग आंबट, पाच थेंब लिंबू किंवा थोडी चिंच, दहातल्या सात वेळा भाजीला तेच कमी असतं. मग अगदी थोडा गूळ. मग वास, हातावर चोळलेली कसुरी मेथी, भाजून कुटलेलं जिरं, मूठभर सांबार. आणि ताटात काहीतरी कुरकुरीत ठेवा, भाजलेला पापड, काकडी, मुळा, कच्चा कांदा, कारण तळलेल्यात आपल्याला तेलाइतकाच तो कुरकुरीतपणा आवडत असतो. सांबारवडीची आठवण आली तर पारीत सारण भरून गुंडाळी करा, मोदकासारखी पंधरा मिनिटं वाफवा, गार झाल्यावर कापून तव्यावर अर्ध्या चमच्या तेलात दोन्हीकडून खरपूस करा. तळलेल्या सांबारवडीसारखी ती लागत नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण ती स्वतःची एक वेगळी वडी आहे आणि आमच्याकडे आता तीच मागतात.

तर्री पोहे, रविवारचे

पोहे जाड घ्या, धुवून निथळून ठेवा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा मिठात घामवलेला, हळद, मग पोहे, वरून पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून चार मिनिटं वाफ. कोरडे पडत असतील तर तेल नको, वाफ वाढवा. पोह्यांवरची तर्री म्हणजे चण्याचा रस्सा, त्यासाठी गावरान चणे रात्री भिजवून कुकरमध्ये शिजवा आणि ते पाणी फेकू नका, त्यातच सगळी चव उतरलेली असते. गोठवलेल्या मसाल्याचे चार तुकडे वर सांगितल्याप्रमाणे दोन चमचे तेल न तिखटावर परता, चण्याचं पाणी आणि चणे घाला, उकळा. पोह्यांवर ओतून, कच्चा कांदा, लिंबू. शेव घालायचा मोह होतो तिथे मूठभर भाजलेले मुरमुरे घाला.

आणि टपरीवर जायची वेळ आली, जावंच, तर पोहेवाल्याला सांगा की दादा, तर्री वरची नको, पळी खाली घालून खालचे चणे न रस्सा द्या. तो देतो, त्याला रोज असे दोन-चार जण भेटतात. पार्सल आणलेल्या रस्स्याचं पण तेच, उभट भांड्यात ओतून दहा मिनिटं हलवू नका, वर आलेलं तेल चमच्याने काढून वाटीत ठेवा. त्या काढलेल्या तर्रीचा एक चमचा दुसऱ्या दिवशीच्या पिठल्यावर फोडणीच्या जागी घाला, वेगळं तेल घ्यायचं नाही.